ब्रॉयलर कोंबडीतील चरबी : पेशीतील नियंत्रण आणि शेडमधील व्यवस्थापन

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि अंबरनाथ ही सतत वाढणारी शहरे कोंबडीच्या मांसाची मोठी बाजारपेठ आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर आणि मुरबाड असे सात तालुके राहिले. त्यांतील मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ आणि कल्याणच्या ग्रामीण भागातील अनेक शेतकरी भातशेतीस जोडधंदा म्हणून ब्रॉयलर कोंबड्या पाळतात. बाजार दाराशी असल्याने वाहतुकीत होणारी घट कमी असते, ही या भागातील शेतकऱ्यांची जमेची बाजू आहे.

या धंद्यात एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. म्हणून खाद्याचे मांस किती झाले आणि चरबी किती झाली, यावर नफा-तोटा ठरतो. दुकानात कोंबडी सोलल्यावर पोटाच्या पोकळीत, पेट्याभोवती आणि गुदद्वाराजवळ पिवळ्या चरबीचा गोळा निघतो. गिऱ्हाईक तो घेत नाही, दुकानदार फेकून देतो. पुढच्या वेळी तोच दुकानदार ‘माल चरबीचा आहे’ म्हणून भाव पाडून मागतो. हा गोळा कोंबडीच्या शरीरात कसा तयार होतो आणि तो कमी ठेवणे शेतकऱ्याच्या हातात कितपत आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

चरबीचा हिशोब

ब्रॉयलर कोंबडीत पोटातील चरबी साधारणपणे जिवंत वजनाच्या २ ते ३ टक्के असते. दोन किलो वजनाच्या पक्ष्यात ५० ग्रॅमचा गोळा निघाला, तर त्यात सुमारे ४५ ग्रॅम शुद्ध स्निग्ध पदार्थ असतो असे धरू. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे त्या एका गोळ्यात ४०० किलोकॅलरीपेक्षा थोडी जास्त ऊर्जा साठलेली आहे. फिनिशर खाद्याच्या एका किलोत ३२०० किलोकॅलरी ऊर्जा धरली, तर हे सुमारे १२५ ग्रॅम खाद्य झाले. हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये ५० किलोची अडीच पोती खाद्य या गोळ्यांत अडकते. खाद्यातील ऊर्जेचे चरबीत रूपांतर होताना काही ऊर्जा खर्च होते, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च याहून जास्तच असतो. कातडीखाली, मानेत आणि मांड्यांमध्ये साठणारी चरबी या हिशोबात धरलेलीच नाही.

मांसाची गोष्ट वेगळी आहे. ताज्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, म्हणून एक ग्रॅम मांस वाढण्यास एक ग्रॅम चरबी वाढण्यापेक्षा पुष्कळ कमी ऊर्जा पुरते. चरबी जास्त झाली की खाद्याचे वजनात होणारे रूपांतर बिघडते, ते यामुळेच. मात्र थोडी चरबी पक्ष्याला आवश्यक असते व तिच्यामुळे मांसाला चवही येते. तेव्हा चरबी पूर्ण काढून टाकणे हा आपला हेतू नसून जादा चरबी टाळणे हा आहे.

चरबीची पेशी कशी तयार होते

चरबी म्हणजे रिकाम्या पोत्यात भरलेले तेल नव्हे. चरबी साठवणाऱ्या पेशी शरीराला आधी घडवाव्या लागतात. भातशेती करणाऱ्यास हे समजणे सोपे आहे. राबात बी पेरतो, रोप होते, त्याची लावणी होते, चूड फुटतात आणि शेवटी लोंबीत दाणा भरतो. चरबीच्या पेशीच्याही अशाच अवस्था असतात.

सुरुवातीला शरीरात मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून स्नायू, हाड, कूर्चा किंवा चरबी यांपैकी काहीही होऊ शकते. त्यांतील काही पेशी चरबीच्या वाटेला लागतात, त्यांना पूर्वचरबीपेशी म्हणतात. दिसायला त्या साध्याच असतात, त्यांच्यात तेलाचा थेंब नसतो. त्या विभागून संख्येने वाढतात. योग्य संदेश मिळाला की विभागणे थांबवून त्या पक्क्या चरबीपेशी बनतात आणि त्यांत तेलाचे थेंब भरू लागतात. ब्रॉयलर पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत या पेशींची संख्या वेगाने वाढते. पुढे त्या आकाराने फुगण्यावर भर राहतो. एकदा तयार झालेल्या पेशी उपासमारीने लहान होतात, पण त्यांची संख्या सहसा घटत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात खाद्य तोडून चरबी कमी करण्याचा प्रयत्न केल्यास चरबीबरोबर मांसाचेही वजन जाते आणि हाती काही लागत नाही.

जनुकांचे पाटकरी

कोंबडीच्या पेशीत वीस हजारांच्या आसपास जनुके असतात. आपल्या पाळीव कोंबडीची पूर्वज असलेल्या लाल रानकोंबडीच्या जनुकसंचाचा आराखडा २००४ साली प्रसिद्ध झाला. स्नायूच्या पेशीत आणि चरबीच्या पेशीत जनुके तीच असतात. मग एक पेशी मांस आणि दुसरी चरबी का होते? याचे कारण म्हणजे प्रत्येक पेशीत सर्व जनुके एकाच वेळी काम करीत नाहीत. काही चालू असतात, बाकीची बंद असतात.

पाटाचे पाणी सर्व शेतांजवळून जाते, पण पाटकरी ज्या शेताचे दार उघडतो तेच शेत भिजते. पेशीतही असे पाटकरी असतात. ती विशिष्ट प्रथिने असून त्यांना जनुक-नियामक प्रथिने म्हणतात. ही प्रथिने डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि जवळचे जनुक चालू किंवा बंद करतात.

स्नायूच्या पेशीचा असा पाटकरी प्रथम सापडला. मायो-डी नावाच्या प्रथिनामुळे साधी पेशी स्नायूच्या वाटेला लागते, असे १९८७ साली अमेरिकेत दिसून आले. चरबीच्या पेशीचा मुख्य पाटकरी १९९४ साली बोस्टन येथे ब्रूस स्पीगलमन आणि पीटर टोंटोनोझ यांच्या प्रयोगांतून पुढे आला. त्याचे नाव पीपार-गॅमा. हे प्रथिन साध्या पेशीत आणले असता त्या पेशीची चरबीपेशी झाली. पुढच्याच वर्षी, १९९५ साली, त्याच गटाने उंदराच्या स्नायू होऊ घातलेल्या पेशींत पीपार-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा ही दोन प्रथिने एकत्र आणली. तेव्हा मांस व्हायच्या पेशींत तेलाचे थेंब भरले. मांस आणि चरबी या एकाच मुळापासून फुटणाऱ्या दोन वाटा आहेत, हे यावरून ध्यानात येते.

या प्रथिनांच्या कामाचा क्रम असा असतो. प्रथम सी-ईबीपी-बीटा आणि डेल्टा ही प्रथिने पुढे येतात. ती पीपार-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा यांची जनुके चालू करतात. त्यानंतर ही दोघे एकमेकांना चालू ठेवतात, त्यामुळे पेशीला सहसा मागे फिरता येत नाही. पीपार-गॅमा चालू झाले की चरबी ओढून घेणारी, साठवणारी आणि तेलाच्या थेंबाभोवती आवरण करणारी जनुके कामाला लागतात. उलट गाटा नावाच्या गटातील प्रथिने पूर्वचरबीपेशीला पुढे जाण्यापासून रोखून धरतात. पेशीची चरबी होणार की नाही, हे उघडणाऱ्या आणि रोखणाऱ्या प्रथिनांतील ओढाताणीवर ठरते.

हीच प्रथिने माणसातही असतात. मधुमेहासाठी वापरले जाणारे पायोग्लिटाझोन हे औषध पीपार-गॅमावरच काम करते, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांचे वजन वाढते हे डॉक्टरांना ठाऊक आहे.

कोंबडीची खासियत : चरबी घडते यकृतात

डुकरात चरबी मुख्यतः चरबीच्या पेशीतच तयार होते. कोंबडीत मात्र ती बहुतांशी यकृतात तयार होते. मक्यातील पिष्ट पचून साखर होते, जादा साखरेपासून यकृतात स्निग्धाम्ले बनतात, रक्तातून सूक्ष्म कणांच्या रूपाने ती चरबीच्या पेशीपर्यंत पोचतात आणि तिथे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर त्यांना आत घेते. यकृतातील या कामाचा पाटकरी एसआरईबीपी-१ नावाचे नियामक प्रथिन आहे. चरबीच्या पेशीतील विकराचे जनुक पीपार-गॅमाच्या ताब्यात असते.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. स्निग्धाम्ले हा नुसता माल नाही, तो निरोपही आहे. ती पीपार-गॅमाला चिकटून त्याला जागे करतात. कोंबडीच्या पूर्वचरबीपेशी प्रयोगशाळेत वाढविताना ओलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल दिले की त्या पक्क्या चरबीपेशी बनू लागतात. म्हणजे यकृताने जादा चरबी तयार करून पाठविली, की ती साठविण्यासाठी नवी कोठारेही उभी राहतात.

जातीचा प्रभाव

फ्रान्समधील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात एकाच मूळ कळपातून कमी चरबीच्या व जास्त चरबीच्या कोंबड्या निवडून दोन वेगळे वंश तयार करण्यात आले. काही पिढ्यांनंतर दोन्ही वंशांचे वजन जवळपास सारखे राहिले, पण पोटातील चरबीत तीन ते चार पट फरक पडला. चीनमधील हार्बिन येथील ईशान्य कृषी विद्यापीठातही १९९६ पासून असेच दोन वंश जोपासले जात असून चरबीच्या पेशीतील नियामक प्रथिनांचा अभ्यास त्यांच्यावर होत आहे.

यावरून चरबीकडे असलेला कल आनुवंशिक आहे, हे स्पष्ट होते. तो बदलणे पैदास करणाऱ्यांचे काम आहे. पिल्लू शेडमध्ये आल्यावर शेतकऱ्याला त्याची जनुके बदलता येत नाहीत. परंतु नियामक प्रथिनांना मिळणारे निरोप खाद्य, उष्णता आणि वय यांतून जातात, आणि या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या देखरेखीखाली असतात.

पहिला निरोप : ऊर्जा व प्रथिने यांचे प्रमाण

भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या प्रमाणकानुसार ब्रॉयलर खाद्यातील प्रमाण पुढीलप्रमाणे असावे.

पूर्वस्टार्टर (१ ते ७ दिवस) : प्रथिने २३ टक्के, ऊर्जा ३००० किलोकॅलरी, गुणोत्तर १३०
स्टार्टर (८ ते २१ दिवस) : प्रथिने २२ टक्के, ऊर्जा ३१०० किलोकॅलरी, गुणोत्तर १४१
फिनिशर (२२ दिवसांपासून विक्रीपर्यंत) : प्रथिने २० टक्के, ऊर्जा ३२०० किलोकॅलरी, गुणोत्तर १६०

एका किलो खाद्यातील ऊर्जेला प्रथिनांच्या टक्केवारीने भागले की हे गुणोत्तर मिळते. गुणोत्तर वाढले म्हणजे प्रथिनांच्या मानाने ऊर्जा जास्त झाली. पक्षी प्रथिनांची गरज भागविण्यासाठी जास्त खातो, उरलेली ऊर्जा यकृतात चरबी होते आणि पुढची सगळी साखळी चालू होते.

खाद्य महाग झाले की काही शेतकरी तयार फिनिशरमध्ये भरडलेला मका किंवा गिरणीतील तांदळाची कणी मिसळतात. याचा परिणाम पाहू. मक्यात सुमारे ९ टक्के प्रथिने आणि ३३०० किलोकॅलरी ऊर्जा असते. ८० किलो फिनिशरमध्ये २० किलो मका मिसळला, तर मिश्रणात प्रथिने १७.८ टक्के राहतात आणि ऊर्जा ३२२० किलोकॅलरी होते. गुणोत्तर १६० वरून १८१ वर जाते. शिवाय लायसिन, मेथिओनिन, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचेही प्रमाण घटते. पोत्यामागे वाचलेले पैसे पोटातल्या गोळ्यात जातात. कणीतही प्रथिने कमीच असल्याने तिचाही परिणाम असाच होतो.

म्हणून तयार खाद्यात काहीही मिसळू नये. स्वतः खाद्य तयार करणाऱ्यांनी सोयाबीन पेंडीचे प्रमाण कमी करण्यापूर्वी वरील गुणोत्तर काढून पाहावे आणि लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुरेशी घालावीत. ती पुरेशी असतील तर मांस भरते आणि चरबी कमी राहते. खाद्यात तेल घालायचे असल्यास जनावरांच्या चरबीऐवजी सोयाबीन तेलासारखे तेल वापरावे. त्यातील स्निग्धाम्ले यकृतातील एसआरईबीपी-१ ला आवरून धरतात आणि पोटातील चरबी तुलनेने कमी राहते. तेल खवट नसावे.

पूर्वस्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर यांतील बदल वेळेवर करावा. स्टार्टर शिल्लक असताना लवकर फिनिशर सुरू केल्यास पेशींची संख्या वेगाने वाढण्याच्या काळातच गुणोत्तर बिघडते.

दुसरा निरोप : उन्हाचा ताण

ठाणे शहराला खाडीचा थोडा दिलासा असतो. कल्याण, बदलापूर, मुरबाड या आतल्या पट्ट्यात मात्र मार्च ते मे या महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. चार आठवड्यांवरील पक्ष्यांना ३० अंशांपुढे त्रास जाणवू लागतो. ताण आला की कोंबडीच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. ते पेशीत शिरून ज्या प्रथिनाला चिकटते, ते प्रथिन स्वतःच जनुक-नियामक असते. त्याच्या प्रभावाने स्नायूतील प्रथिने मोडतात आणि चरबी साठविण्याचे काम वाढते. म्हणून उन्हाळ्यातील पक्षी कमी खाऊन, कमी वजनाचा असूनही चरबीदार निघतो. ही चरबी शरीरातील उष्णता बाहेर पडू देत नाही, त्यामुळे ताण आणखी वाढतो.

यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि बाजूंच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात.
२. पत्र्यावर भाताचा पेंढा पसरावा किंवा पांढरा चुना द्यावा. दुपारी छपरावर पाणी मारावे.
३. उन्हाळ्यात दर पक्ष्यामागे जागा वाढवावी, म्हणजे पिल्ले कमी टाकावीत.
४. दुपारी साधारण ११ ते ४ या वेळात खाद्यभांडी वर उचलावीत. खाद्य पहाटे आणि संध्याकाळनंतर द्यावे.
५. पाणी गार व सतत मिळेल असे पाहावे. टाकी सावलीत ठेवावी आणि उघड्यावरील पाइपवर ओली गोणपाटे गुंडाळावीत.
६. उन्हाळ्यात नुसत्या पेंडीचे प्रमाण भरमसाट वाढवू नये. जादा प्रथिने पचविताना शरीरात उष्णता वाढते. अमिनो आम्लांचा समतोल साधणे हाच योग्य मार्ग आहे.

तिसरा निरोप : वय आणि विक्रीचा दिवस

वय वाढते तसा वजनवाढीतील चरबीचा वाटा वाढत जातो. माद्यांत तो नरांपेक्षा जास्त असतो. आपल्या भागातील बाजार सणवारांवर चालतो. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, कल्याण-डोंबिवलीत कोंबडीची मागणी शिगेला पोचते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि अनेक घरांत मांसाहार बंद होतो. नवरात्रातही तसेच होते. अशा वेळी तयार माल शेडमध्ये अडकून पडतो.

सहा आठवड्यांचा पक्षी दिवसाला १५० ते २०० ग्रॅम खाद्य खातो. हजार पक्षी एक आठवडा जादा ठेवले तर एक हजार ते चौदाशे किलो खाद्य लागते. वजन वाढते, पण त्यात चरबीचा वाटा वाढलेला असतो आणि भाव तर उतरलेला असतो. म्हणून पिल्ले टाकण्याची तारीख पंचांग पाहून ठरवावी. गटारीसाठी माल हवा असेल तर विक्रीच्या वजनाला लागणारे ३५ ते ४२ दिवस मागे मोजून पिल्ले आणावीत, आणि श्रावणात भरतील अशी मोठी बॅच टाळावी. विक्री टप्प्याटप्प्याने होत असेल तर वजनात आलेल्या माद्या आधी काढाव्यात.

कराराने कोंबड्या वाढविणाऱ्यांसाठी

कराराच्या पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी पुरविते, त्यामुळे जात आणि खाद्याचा फॉर्म्युला शेतकऱ्याच्या हातात नसतो. विक्रीचा दिवसही बहुधा कंपनी ठरविते. परंतु संगोपनाचा मोबदला खाद्याच्या वजनात होणाऱ्या रूपांतराशी जोडलेला असतो. उन्हाचा ताण, खाद्याची सांडलवंड आणि खाद्य बदलण्याची वेळ या गोष्टी शेतकऱ्याने सांभाळावयाच्या असतात. माल वेळेवर उचलला गेला नाही, तर तयार झाल्यापासून उचलेपर्यंतचे दिवस, रोजचे खाद्य आणि वजन यांची नोंद ठेवावी व हिशोबाच्या वेळी ती दाखवावी.

काय करू नये

चरबी कमी करण्याच्या नावाखाली विकली जाणारी अनोळखी पावडर किंवा इंजेक्शन वापरू नये. नियामक प्रथिनांवर काम करणारी माणसांची औषधे पक्ष्यांना देणे धोक्याचे आहे, कारण त्यांचे अंश मांसातून खाणाऱ्याच्या पोटात जाऊ शकतात. ब्रॉयलरची झपाट्याने होणारी वाढ ही निवडक पैदास आणि संतुलित खाद्य यांचे फळ आहे, त्यासाठी संप्रेरकाचे इंजेक्शन लागत नाही. गिऱ्हाइकाने विचारल्यास हे आत्मविश्वासाने सांगता यावे, अशी आपली वागणूक असावी.

प्रत्येक बॅचची तपासणी

विक्रीच्या दिवशी सरासरी वजनाचे तीन नर आणि तीन मादी पक्षी घ्यावेत. जिवंत वजन करून ते सोलावेत. पोटातील आणि पेट्याभोवतीची चरबी वेगळी काढून साध्या काट्यावर तोलावी. चरबीच्या वजनाला जिवंत वजनाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. बॅचची तारीख, खाद्याचा प्रकार, विक्रीचे वय आणि हंगाम यांच्यासह ती वहीत लिहावी. टक्केवारी ३ च्या वर जात असेल तर खाद्यात भेसळ झाली का, उन्हाचा ताण होता का, की माल उशिरा गेला, हे क्रमाने तपासावे. चार-पाच बॅचच्या नोंदी झाल्यावर आपल्या शेडमध्ये नेमके कोठे चुकते ते शेतकऱ्याला स्वतःच दिसू लागेल.

खाद्यातील समतोल, उन्हाळ्यातील गारवा आणि वेळेवर विक्री या तिन्ही गोष्टी जुन्याच आहेत. त्या पेशीपर्यंत कशा पोचतात हे आता कळले आहे, म्हणून त्या अधिक काटेकोरपणे पाळाव्यात. खाद्याचे गुणोत्तर काढताना किंवा अमिनो आम्लांचे प्रमाण ठरविताना अडचण आल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि जाताना बॅचची नोंदवही बरोबर न्यावी.